बांगड्यांची ताटली

मला वाट पाहता येत नाही. कुकरची वाफ जिरायच्या आत मी झाकणाशी झटापट करते, बस दिसायच्या आधीच रस्त्यात जाऊन उभी राहते, आणि बोलताना कोणी अडखळलं तर त्याचं वाक्य मीच पुरं करून टाकते. बहुतेक वेळा चुकीचं. अशा बाईनं काच वितळवायच्या नादी लागावं, ह्याला दैव म्हणायचं की डोकं फिरणं, हे माझा नवरा अजून ठरवतोच आहे. काचेची भट्टी तापायला वेळ घेते आणि निवायला त्याहून जास्त. मध्येच दार किलकिलं केलं की गार हवा लागून आतली ताटली तडकलीच समजा. भट्टी निवत असताना करण्यासारखं काहीही नसतं, आणि माझा जीव नेमका तिथंच जातो.

नवऱ्याचं शेड यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आहे. तिथं अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनतात. न्हाणीघराच्या खिडक्यांसाठी नक्षीची काच येते. कुणाला फुलांची लागते, कुणाला थेंबांची, कुणाला नुसत्या उभ्या रेघांची. कापून उरलेल्या पट्ट्या भंगारात जायच्या. एका उन्हाळ्यात मी मोबाईलवर पाहिलं की कुठली तरी बाई अशाच पट्ट्या एकावर एक ठेवून भट्टीत वितळवते आणि त्याच्या ताटल्या करते. मग मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. शेवटी नागपूरहून विजेवर चालणारी एक जुनी भट्टी आली, पाण्याच्या लहान टाकीएवढी. तिला शेडच्या मागच्या कोपऱ्यात जागा मिळाली. नवरा तिला पापड भाजायची भट्टी म्हणतो.

पण काम जमलं. नक्षीची बाजू आत ठेवून दोन काचा एकावर एक ठेवल्या की खळग्यांत हवा अडकते, आणि वितळल्यावर तिथं बारीक बुडबुडे उमटतात, फुलाच्या जागी फूल आणि रेघेच्या जागी रेघ. अशी सपाट चकती तयार झाली की ती मातीच्या साच्यावर ठेवून पुन्हा तापवायची. मग ती हळूच साच्यात बसते आणि तिला ताटलीचा खोलगटपणा येतो. यवतमाळच्या बायका अशा ताटल्या भिंतीवर टांगायला नेतात, शोकेसमध्ये ठेवतात. त्यात खात कोणी नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मोठ्या जाऊबाई न सांगता शेडमध्ये आल्या. त्या मुकुटबनजवळच्या आमच्या गावी राहतात, सासूबरोबर. शेती तिथंच आहे. आम्ही दोघं तेवढे यवतमाळला. पांढरकवड्याला बस बदलून, मांडीवर तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन त्या आल्या होत्या. पाणी प्यायल्या, शेंगा माझ्या हातात दिल्या आणि पदराची गाठ सोडली. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या.

"याची ताटली करून दे मले," त्या म्हणाल्या.

"बांगड्यायची?"

"मंग? तू काचाच्याच करतं न? हेबी काचच हाय."

त्या बांगड्या कोणत्या, हे मला विचारावं लागलं नाही. वर्ष होत आलं होतं. माझे मोठे दीर वावरातून घरी आले, छातीत कळ येते म्हणाले, आणि पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. आम्ही यवतमाळहून पोचलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या आणि जाऊबाई न्हाणीत जाऊन आतून कडी लावून बसल्या होत्या. सासू ओट्यावरून म्हणत होती, बाहेर काढा तिला, बांगड्या फोडायच्या आहेत, रीत आहे. दोघीतिघी दार वाजवायला निघाल्या. मी दाराला पाठ लावून उभी राहिले आणि अशी काही बोलले की त्यातली एक बाई अजून माझ्याशी बोलत नाही. बऱ्याच वेळानं जाऊबाई बाहेर आल्या. हात मोकळे होते, साबणानं लालबुंद झालेले. बांगड्या एकही न फोडता त्यांनी उतरवल्या होत्या आणि पदरात बांधल्या होत्या.

दिरांना बाजाराचा कंटाळा. पण दर संक्रांतीआधी ते जाऊबाईंना पांढरकवड्याच्या कासाराकडे न्यायचे आणि दुकानाबाहेर उभं राहून, आणखी भरा, आणखी भरा म्हणायचे. ह्या त्यातल्याच शेवटच्या बांगड्या होत्या.

त्या दिवसापासून सासू जाऊबाईंशी सरळ बोलत नव्हती. एकाच घरात दोघी, पण जे सांगायचं ते गड्याला सांगून, शेजारणीला सांगून, कोणीच नसेल तर गाईला सांगून. आता वर्षश्राद्ध आलं होतं. सासूनं गाईलाच सांगितलं होतं की वर्षाच्या आत त्या बांगड्या नदीत सोडल्या पाहिजेत, घरात ठेवणं बरं नाही. सोडल्या नाहीत तर ती श्राद्धाला बसणार नव्हती, मुलीकडे निघून जाणार होती.

"ताटली झाली तं बांगड्या राह्यतच नाही न," जाऊबाई म्हणाल्या. "मंग नदीत काय टाकन थे?"

मी हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. ते त्यांनी पुरतं विचार करून ठरवलेलं होतं. आणि अट होती. एकही बांगडी फोडायची नाही. गोल आहेत तशा गोलच दिसल्या पाहिजेत.

"होते का नाही थे सांग. नाहीतं मी आल्या पावली जातो."

"होते," मी म्हणाले. विचार नंतर केला. माझं असंच असतं.

त्या गेल्यावर मी पदराखालचा हात पाहिला. त्यांच्या बांगड्यांवर प्रयोग करायची माझी छाती नव्हती, म्हणून माझ्याच हातातली एक हिरवी काढली, खिडकीच्या साध्या काचेच्या तुकड्यावर ठेवली आणि भट्टी लावली. संध्याकाळी नवऱ्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. एरवी मी नवी साडी नेसले तरी ह्या माणसाला दिसत नाही.

"एक बांगडी कमी काहून हाय?"

"भट्टीत हाय."

"माह्या नावाची?"

"तुमची कशी? माह्यी हाय!"

रात्री जेवताना तो दोनदा आपली छाती चोळताना दिसला. मला राग आला आणि हसूही आलं. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या हातातलीही एक उतरवली, म्हणजे दोन्ही हात सारखे झाले, आणि त्याला सांगितलं की आता बघा, काही होतं का. काही झालं नाही. पण तो त्या दिवशी गाडी जरा सावकाश चालवत होता, हे मी पाहिलं.

तुकडा भट्टीतून अख्खा निघाला. सुरेख दिसत होता, पारदर्शक काचेत हिरवं कडं. मी खूश झाले आणि जाऊबाईंना फोन करणार होते. पण अख्खा निघाला म्हणजे सुटला असं नसतं. दोन काचांचं आकुंचन सारखं नसेल तर आतल्या आत ताण राहतो आणि कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं ताटली कपाटात ठेवल्या ठेवल्या दुभंगते. ते आधी कळण्याचा एक उपाय मी शिकले होते. लॅपटॉपचा पांढरा पडदा लावायचा, तुकडा त्याच्यासमोर धरायचा आणि नवऱ्याच्या उन्हाच्या गॉगलमधून, पडदा काळा दिसेपर्यंत गॉगल आडवा-उभा फिरवत, पाहायचं. ताण असेल तर काचेत उजेडाची कडा दिसते. मी पाहिलं. बांगडीभोवती सगळीकडे उजेड होता. टेबलावर ठेवला तो तुकडा, आणि दुपारचा चहा ओतत असताना मागं टक् असा आवाज आला. बांगडी जिथं जिथं चिकटली होती तिथं तिथं चीर गेली होती.

मग मला काही सुचेना. मी शेडमध्ये ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिले. कामगारांवर उगाच ओरडले. बांगडीची काच वेगळी, खिडकीची वेगळी, दोघींचं जमणार नाही. नुसत्या बांगड्या वितळवल्या तर कडी चिकटतील, मध्ये भोकं राहतील, ती ताटली कसली. खाली बूड पाहिजे आणि ते बांगडीच्याच जातीच्या काचेचं पाहिजे. तशी काच कुठल्या दुकानात मिळते? श्राद्ध जवळ येत होतं. सासू खरंच निघून गेली असती. तिला मी ओळखते, आमच्या दोघींचा स्वभाव एकच आहे. ती गेली की गावात बोट जाऊबाईंकडेच दाखवलं गेलं असतं, की हिनं बुढीला घराबाहेर काढलं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी जास्तच तोंड टाकते. नवऱ्यानं दोन दिवस शेडमध्ये डबा खाल्ला, माझ्यासमोर बसायला नको म्हणून.

उत्तर सुचलं ते बसमध्ये. मी काही न ठरवता पांढरकवड्याला निघाले होते, कासाराला निदान विचारू तरी म्हणून. बस थांबली की माझा पाय हलायला लागतो. बाजूची म्हातारी म्हणाली, "बाई, तुह्या पायानं माह्यी टोपली हालून राह्यली." टोपलीत अंडी होती. मी पाय आवरला. अंड्यांच्या बाजूला कोंडा भरलेला होता, आणि कुणास ठाऊक कसं, माझ्या डोक्यात कासाराच्या गादीखालची टोपली आली. बांगड्या भरताना ज्या फुटतात त्या कासार कुठं टाकतो? तो त्या एका टोपलीत टाकतो. प्रत्येक कासाराकडे ती असते.

ह्या कासाराकडे तर पोतं निघालं. त्याला माझं बोलणं जरा चमत्कारिक वाटलं असावं. घरातल्या बायका फुटकी काच लगेच बाहेर टाकतात आणि ही बाई गाडीभाडं भरून ती न्यायला आली! पण हिरवा माल वर्षानुवर्षं एकाच व्यापाऱ्याकडून येतो एवढं त्यानं सांगितलं, आणि निवडून घ्या म्हणून पोतं दुकानाच्या पायरीवर पालथं केलं. मी तिथं बसून नुसते हिरवे तुकडे वेचले. येणारीजाणारी बायामाणसं बघत होती. एकीनं मला, काय झालं व माय, असं इतक्या मायेनं विचारलं की मी मान खाली घालून वेचतच राहिले. त्या ढिगाऱ्यातल्या बांगड्या भरताना फुटलेल्या होत्या, कुणाच्या लग्नात, कुणाच्या डोहाळजेवणाला. तरी बोटांना बोचत होत्याच.

तो चुरा आणि माझी उरलेली एक उतरवलेली बांगडी असा नवा तुकडा केला. गॉगलमधून पाहिलं तर अगदी थोडा उजेड होता. माझी बांगडी यवतमाळच्या दुकानातली होती, म्हणून तेवढा. जाऊबाईंच्या तर पांढरकवड्याच्या त्याच कासाराकडच्या. मी फोन केला आणि म्हणाले, या.

त्या सकाळच्या बसनं आल्या. मी लोखंडी खलबत्त्यात हिरवे तुकडे कुटायला घेतले. पहिला घाव पडला आणि त्या उठून शेडच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ करून. मी थांबले. तसेही माझ्याकडून तुकडे बाहेर उडत होते. थोड्या वेळानं त्या परत आल्या आणि माझ्या हातातून बत्ता घेतला.

"सरक. तुह्यानं नाही होत. हे तं पहिलेच फुटेल हायेत."

आणि सावकाश, एका लयीत, मिरची कुटावी तशा त्या कुटत बसल्या. मी भट्टीतल्या फरशीला पांढऱ्या मातीचा लेप दिला, म्हणजे काच चिकटत नाही. त्यावर हिरव्या चुऱ्याचं गोल बूड पसरलं. मग जाऊबाईंनी आपल्या हातानं एकेक बांगडी वर मांडली. एकीवर दुसरी थोडी चढवलेली, दुसरीवर तिसरी. मी मध्ये बोलणार होते की ह्या बाजूला जास्त झाल्या, पण गप्प बसले. माझ्या हिशेबानं ते मोठंच काम झालं.

भट्टी लावली. मग तोच जाच. जाऊबाईंनी शेंगा आणल्या होत्याच, खाली बसून त्या सोले, म्हणजे ओले दाणे, काढू लागल्या. मी भट्टीभोवती फिरत होते. काच वितळली, आच उतरवली, आता फक्त सावकाश निवायचं होतं, आणि भर दुपारी लाईन गेली. शेडमधली सगळी यंत्रं एकदम थांबली. भट्टीला निवताना थोडी थोडी वीज लागते, नाहीतर ती फार भराभर थंड होते. मी दाराला हात लावून पाहिलं, कान लावून पाहिला, नवऱ्याला जनरेटर का नाही म्हणून बोलले, वीज कंपनीला बोलले, आणि मग कोणी उरलं नाही म्हणून जाऊबाईंवर घसरले.

"तुमाले काहीच कसं वाटत नाही? आत तुमच्या बांगड्या हायेत आन तुम्ही सोले काढून राह्यल्या!"

त्यांनी शेंग सोलायची थांबवली नाही.

"मी वरीस झालं वाट पाहून राह्यली," त्या म्हणाल्या. "सांजीले फाटकाचा आवाज आला का मान वर होते. कोणाची वाट पाहतो, थे येनार नाही हे माहीत असून. तुले एक दुपार निघत नाही?"

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी शेंगांची अर्धी रास माझ्याकडे सरकवली. लाईन आली तेव्हा आमचे सोले काढून झाले होते आणि मी एकदाही उठले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं. चकती अख्खी होती. हिरवी, जरा काळपट झालेली, आणि तिच्यात सगळ्या बांगड्या कड्यांसारख्या एकमेकींत गुंतून बसलेल्या. उजेडाकडे धरली की प्रत्येक कडं वेगळं दिसत होतं. गॉगलमधून पाहिलं, कुठंही उजेडाची कडा नव्हती. जाऊबाईंनी नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "पूरी हाय." साच्यावर बसवायची दुसरी भट्टी झाली तेव्हा त्या गावी परतल्या होत्या. श्राद्धाच्या आदल्या दिवशी ताटली मीच घेऊन गेले, नवऱ्याच्या दोन लोकरी स्वेटरांत गुंडाळून, बसमध्ये कोणालाही हात लावू न देता.

सासू ओट्यावर उद्याचे तांदूळ निवडत होती. बाजूला तिची पिशवी भरून तयार होती. जाऊबाई आत चुलीशी होत्या. मी चप्पल काढायच्या आत सासू मला म्हणाली, "इले इचार, नदीवर जाऊन आली काय?"

मी काही बोलायच्या आधी जाऊबाई बाहेर आल्या. माझ्या हातातून त्यांनी बोचकं घेतलं, स्वेटर सोडले आणि ताटली सासूच्या सुपाशेजारी ठेवली.

"बांगड्या नाही राह्यल्या," त्या म्हणाल्या. "ताटली हाय."

मी तयारीत उभी होते. सासूनं एक शब्द वाकडा काढला असता तर मी वर्षाचं सगळं तिच्या पदरात घातलं असतं, वाक्यं जुळवूनच आले होते.  पण सासूनं सूप बाजूला ठेवलं. डोळ्यांशी ताटली नेली, मग लांब धरली. तांदळाच्या पिठानं पांढरं झालेलं बोट एका कड्यावरून फिरवत पुरा फेरा मारला, मग दुसऱ्यावरून. माझे सासरे गेले तेव्हा माझा नवरा पाळण्यात होता. सासूच्या हातात काच मी कधी पाहिलीच नव्हती, तिच्या हातात ती कधी होती हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"माह्याबी हिरव्याच होत्या," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा ती जाऊबाईंकडे पाहून बोलत होती. "पाट्यावर हात ठेवाले लावला. तुकडे उचलतो म्हनलं मी, तं उचलूबी नाही देल्ले. झाडून नेले."

जाऊबाई तिच्याजवळ खाली बसल्या. 

सासूनं माझ्याकडे मान वळवली. "काव, माह्या असत्या तं यात बसल्या असत्या काय?"

इतक्या वर्षांपूर्वीची काच. कुठल्या भट्टीतली, कुठल्या मालाची, कुणास ठाऊक. ह्या काचेशी तिचं कधीच जमलं नसतं. बांगडीगणिक चीर गेली असती आणि ताटलीचे तुकडे झाले असते.

"बसल्या असत्या, आई," मी म्हणाले.